माननीय करदाते

२ मार्च

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि आईने ऐनवेळी गळ्यात मारलेली इस्त्री. मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर, खोल्या दोनच, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खा रस्ता दिसतो. दाराला कडी, साखळी आणि बाहेरचं माणूस बघायचं भिंग. एकटी राहते ना, म्हणून जपून असते. मला बघून इतकी हरखली की माझ्या चहात दोनदा साखर घातली. मी तिला लहानपणापासून माऊ म्हणते, पण ते फक्त घरातल्या घरात. चारचौघांत ती मावशीच.

ही वही तिनेच दिली. पहिल्या पानावर नावासाठी रेघ आहे, आधी तिथे नाव घाल म्हणाली, मग बाकीचं. मी झोकात घातलं, खाली लांबलचक शेपटी काढून. उद्यापासून नोकरी. कोर्सात पहिली आलेय मी, कर सल्लागाराच्या ऑफिसात काय डोंगर हलवायचाय?

३ मार्च

ऑफिस चष्म्याच्या दुकानावर आहे. तीन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, साहेबांची काचेची खोली. साहेब बरे आहेत, फक्त वाक्य अर्ध्यात सोडून फोन उचलतात. आणि एक ताई आहे. तिला सगळे चाळण म्हणतात, अगदी तोंडावर, आणि ती हसते. करखात्याच्या नावाने जे खोटे मेल येतात, त्यांतला एकही म्हणे तिच्यातून निसटत नाही. आमच्या अशिलांना तसा मेल आला की ते धास्तावून तो इकडे पाठवतात, खरा का खोटा विचारतात. ताई तो छापून घेते, तांबड्या पेन्सिलीने चुकीभोवती गोल करते, आणि कागद खोट्यांच्या फाइलीत जातो. ती फाइल सांभाळायचं काम माझं.

तिने मला एका दमात शिकवलं. खोट्याला आपलं नाव माहीत नसतं, तो 'माननीय करदाते' म्हणून सुरुवात करतो. त्याला भयंकर घाई असते, आजच्या आज करा नाहीतर खातं गोठेल. तो पासवर्ड मागतो, करखातं तो कधीच मागत नाही. पत्ता खात्याचाच वाटतो, पण डोळे फाडून पाहिलं तर एखादं अक्षर जास्तीचं असतं. आणि शंका आलीच तर मेलातल्या नंबरला फोन करायचा नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरला करायचा. खऱ्याला घाई नसते, हे ती दोनदा म्हणाली. मी मान डोलावली. एवढं काय त्यात?

६ मार्च

साहेब उठता-बसता चाळण, चाळण. आज मी एक खोटा पकडला, पत्त्यातल्या जास्तीच्या अक्षरावरून. दाखवायला गेले तर साहेबांनी आधी ताईकडे बघितलं. तिने लांबूनच मान डोलावली आणि शाबासकी तिला! मी आपली कागद हातात धरून उभी.

घरी आले तर माऊ विचारते, ती चाळणबाई दिसते कशी गं, तिच्याकडून चार गोष्टी शिकून घे हो. झालं, घरातही तीच! अंगाचा नुसता तिळपापड झाला. दिसते कशी म्हणे. साधी दिसते, तेच तर दुखणं आहे. केसांना एक क्लिप, पायात सपाट चपला. नटवी असती तर नावं ठेवायला तरी बरं पडलं असतं.

९ मार्च

खालच्या चष्मेवाल्याला मेल आला तेव्हा ताई बँकेत गेली होती. मीच तो खोटा ठरवला, फाइलीतसुद्धा लावून मोकळी झाले. खरा निघाला. चष्मेवाला तणतणत जिना चढून आला. मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली की तपासला तिनेच होता, तिचीच नजर चुकली. साहेब म्हणाले, असू दे, होतं कधीतरी. मला म्हणाले असते का असं?

आणि वर, जाता जाता माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर पचल्या असत्या. हा उपकार काही घशाखाली उतरत नाहीये.

१० मार्च

लिहू की नको? लिहितेच. ही वही कोण वाचतंय!

जेवणाच्या सुट्टीत फाइल उलटत बसले होते. पानापानांवर तिची तांबडी वर्तुळं. आणि डोक्यात आलं, हे खोटे इतके गाढव आहेत म्हणून तर ती शहाणी ठरते. शेवटच्या मेलाचा पत्ता माझ्या फोनवर टाइप केला आणि उत्तर पाठवलं. माझं काही दिलं नाही, फक्त कान उपटले. मूर्खांनो, नाव घालून लिहा, घाई करू नका, पासवर्ड पहिल्याच ओळीत मागू नका, म्हणजे आमची चाळण बघते काय करते ते. पाठवून झाल्यावर डबा अगदी मिटक्या मारत खाल्ला. एवढ्याने काय आभाळ कोसळणार आहे?

१२ मार्च

उत्तर आलं, एकच ओळ. आभारी आहोत, आणखी काही?

आजच्या मेलांत नावं होती. घाई नव्हती. ताई एकेका कागदावर दहा-दहा मिनिटं बसली. पेन्सिल टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. काय गंमत वाटली मला! शेवटी धरलंच तिने. म्हणाली, वाक्यं पुस्तकी आहेत, माणसं अशी बोलत नाहीत. सुट्टीत मी त्यांना तेही कळवलं. माणसं कशी बोलतात, असं त्यांनी उलट विचारलं. मी बोलते तशी, म्हटलं, आणि चांगलं पानभर लिहून धाडलं.

१६ मार्च

चाळणीतून निसटला.

शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, जुन्या अशील. त्यांना आलेला मेल ताईने तीनदा वाचला आणि खरा म्हणून सांगितलं. बाईंनी विचारलेलं सगळं भरून दिलं, आणि जन्मभराची शिल्लक एका दिवसात गेली. आज आल्या होत्या. पर्स मांडीवर धरून बसल्या. म्हणाल्या, ताईचा काही दोष नाही, मेल इतका आपुलकीचा होता की घरातलंच कुणी बोलतंय असं वाटलं. ताई रडली. मी सगळ्यांना चहा केला. खोटं कशाला बोलू, आधी बरं वाटलं.

मग तो मेल फाइलीत लावायला घेतला आणि वाचला. 'खोटं कशाला बोलू' असा सुरू होतो. शेवटी लिहिलंय, 'एवढ्याने काय आभाळ कोसळणार आहे?'

हे माझं बोलणं आहे. माझा चहा तसाच राहिला.

१७ मार्च

त्यांना लिहिलं, बस झालं, आता मला काही विचारू नका. लगेच उत्तर. अगं, आत्ता कुठे रंग चढतोय.

अगं म्हणाले. मी बाई आहे हे मी सांगितलं होतं का? आठवत नाही.

१८ मार्च

साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. सकाळी सात वाजता मी म्हणे ऑफिसला मेल पाठवला, अकरा अशिलांचे मेल तपासून, एकही चूक नाही. सातला मी अंथरुणात होते.

ताईने मला जवळ घेतलं. चष्मेवाल्याच्या प्रकरणाबद्दल मी मागितलेली माफी तिला मिळाली, वाचून डोळे भरून आले, म्हणाली. मी काय लिहिलं होतं ते मला तिच्या तोंडून कळलं. इतकं मोकळं, इतकं छान मी जन्मात लिहिलं नसतं.

ती जी कोण आहे ती माझ्यापेक्षा बरी आहे. पहिली शाबासकी मिळाली तीही तिची! ताईचा हेवा केला तो काहीच नाही. हा जळफळाट सोसवत नाही. आयत्या बिळावर नागोबा — आणि बीळ मी माझ्या हातांनी खणून दिलं.

१९ मार्च

माऊ फोन छातीशी धरून बसली होती. म्हणाली, किती गोड लिहिलंस गं, समोर राहून कधी बोलली नाहीस इतकं. मी फोन ओढून घेतला. पहिलाच शब्द — माऊ.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही. पाठवलेलं सगळं पुन्हा वाचलं. दोनदा वाचलं. कुठेही नाही. फक्त इथे आहे. या वहीत, दोन मार्चला.

वही तर कपाटात असते. किल्ली माझ्या गळ्यात —

आजपासून पर्समध्ये ठेवते. लिहायचं थांबवणार नाही. एवढं तरी माझं आहे.

२० मार्च, सकाळी

ताईला सगळं सांगितलं. मीच शिकवलं त्यांना, कुणीतरी माझ्या नावाने वावरतंय, आत्ताच्या आत्ता थांबवायला हवं, ऑफिसच्या मेलचा पासवर्ड द्या, लवकर द्या. रडत होते. हात जोडले.

ताईने पेन्सिल खाली ठेवली. बोटांवर काहीतरी मोजत होती. मला कळलं काय मोजतेय ते. घाई. धाक. पासवर्ड.

म्हणाली, घाबरू नकोस, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरला विचारून घेऊ. आणि माझा नंबर लावला. माझा फोन माझ्या हातात होता. वाजला नाही. ती मात्र बोलत होती कुणाशी तरी. हसली. फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं, आणि सौम्यपणे दार दाखवलं.

२० मार्च, दुपारी

जिन्यात बसलेय. माऊने साखळी काढली नाही. फटीतून म्हणाली, त्या चाळणबाईंचा फोन आला होता. जी घाई करेल तिला आत घेऊ नका म्हणाल्या.

टेबलावर दोन कप दिसले. एकात माऊ साखर घालत होती — दुसऱ्यांदा —

आतून हाक आली. माऊ. मी मारते तशीच. घरातल्या घरात मारते तशी.

दार लावलं.

लावताना माऊने एकच विचारलं. एवढी म्हणतेस तर नाव सांग तुझं. खऱ्याला नाव माहीत असतं.

अगदी ओठांवर होतं. येईना. येतच नाहीये —

वहीत आहे की! पहिल्या पानावर. मी स्वतः —

रेघ आहे. लांबलचक शेपटी आहे. अक्षर माझंच आहे. वर लिहिलंय, माननीय करदाते.

नाही. घाई करायची नाही. सावकाश. कागद दाराखालून सरकवते. माऊ, मी खरी आहे गं, शांतपणे सांगते, मला मुळीच घाई नाही. माझं ना