हातोडीची चिंधी

ती. पद्मजामामीस,
कोथरूडहून अरविंदचा नमस्कार.

मामांचं लंबकाचं घड्याळ मला दुरुस्तीला देताना तुम्ही म्हणालात, "काटे फिरले की पुरे. टोल्यांच्या भानगडीत पडू नकोस." मी पडलो. छंद म्हणून घड्याळं उघडणाऱ्यांची खोडच ही, दिसेल ते साफ करायचं. आत टोल्याच्या हातोडीला धोतराची चिंधी गच्च बांधलेली होती. मामा गेल्यावर राहिलेला कचरा समजून मी ती कापून टाकली.

तेव्हापासून टोले नीट पडतात. पण मंगळवारी भलत्याच वेळी एकच टोला पडला. हातातला चहा संपायच्या आत समोरचे दीक्षित गेल्याचं कळलं. काल पुन्हा तसाच पडला आणि वरच्या मजल्यावरच्या काकू गेल्या. मी इंजिनिअर माणूस. चाकाचा दाता झिजलाय, असं बायकोला सांगितलं आणि गुपचूप नवी चिंधी बांधली.

आज दुपारी त्या चिंधीतूनही दबका टोला पडला. मी सगळ्या मजल्यांवर जाऊन आलो. सगळे धडधाकट आहेत. सान्यांनी तर झोपमोड केल्याबद्दल सुनावलं.

हायसं वाटलं. मग घड्याळ कोणाचं आहे ते आठवलं.

वारज्याला तुम्हाला फोन लावला. नुसता वाजतोय. तुम्ही देवळात गेला असाल, येईपर्यंत वेळ जावा म्हणून हे लिहितोय. पाकिटावर पत्ता मात्र अजून घातलेला नाही.

तुमचा,
अरविंद