घडी उघडून कापलेला टॉप

खाला, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचं घर कोणतं होतं हे गल्लीत विचारलं तर दोन माणसं दोन वेगळे दरवाजे दाखवतील. मी मात्र कापडाला कात्री लावण्याआधी अजून तुमच्यासारखंच 'बिस्मिल्ला' पुटपुटते. सासूबाई होत्या तोवर त्यांना वाटायचं, सून कुलदेवीचं नाव घेते. मीही कधी खुलासा केला नाही. आज तुम्हाला लिहायला बसले ते एका उन्हाळी टॉपमुळे.

हिवाळ्यात माझं ऑपरेशन झालं. छातीची डावी बाजू काढून टाकली. तुम्ही जन्मभर बायकांची मापं घेतलीत, तुम्हाला याहून जास्त सांगायला नको. तेव्हापासून दवाखाना सोडला तर मी घराबाहेर पडले नाही. दूधवाला आला तरी गाऊनवर ओढणी गुंडाळून दार उघडते, आणि गेवराईच्या या उन्हात ओढणी म्हणजे अंगावर गोधडीच. सोमवारी रजा संपते. परत कचेरीत जायचं. दुखण्याची भीती आता राहिली नाही, लोकांच्या नजरेची आहे. समोरचा माणूस बोलता बोलता एकदा खाली बघेल आणि पटकन वर बघेल, त्याची.

कापड मुलीनं आणलं. ती बीडला शिकते. तिथं जुन्या कपड्यांच्या ढिगात तिला हा तुकडा सापडला. मऊ सुती, फिकट पिवळ्यावर बारीक हिरवी पानं. कुणीतरी हौसेनं घेतलेला, एका कोपऱ्यात बाहीसाठी मुंड्याची गोलाई कापलेली, आणि मग का कुणास ठाऊक, तसाच सोडून दिलेला. तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. वर खांद्यापासून छातीपर्यंत छोटासा योक, त्या पट्टीखाली भरपूर चुण्या, वारा खेळेल असा घेर. म्हणाली, "आई, एवढा सैल घातला की कुणाला काही कळत नाही." प्रेमानंच म्हणाली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तरी शिवायला घेतला. कापड बादलीत भिजवलं, सावलीत वाळवलं, इस्त्री केली आणि सवयीनं मधोमध घडी घालून कापलं. मापं जुन्या कुर्त्यावरून घेतली, अंगावरून नाही. शिवून झाल्यावर आरशाकडे पाठ करून घातला, मग वळले. गळा डावीकडे घसरलेला, डावीकडची किनार खाली लोंबलेली. जे लपवायचं होतं त्याच्याकडेच टॉप बोट दाखवत होता.  मी तो काढला आणि मशीनखाली फेकून दिला.

दोन दिवस तो तिथंच पडून होता. मग केर काढताना हाताला लागला आणि तुमची ती बांगडीवाली आठवली. वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर बांगड्यांचं बोचकं वाहून तिचा उजवा खांदा खाली आलेला. तुमच्या ओसरीवर आम्ही पाच-सहा पोरी शिवण शिकायला बसलोय, पत्रा तापलाय, तुमचं मशीन खडखडतंय. तिच्या झंपराचं कापड तुम्ही माझ्याकडे दिलंय, आणि मी मोठ्या ऐटीत घडी घालून खडू फिरवतेय. तुम्ही मशीन थांबवता, उठून येता आणि माझ्या हातातली कात्री काढून घेता. "घडी कापडाला असती गं, बाईला न्हाई," एवढंच म्हणता. मग कापड उघडं पसरून दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखता. बाजाराच्या दिवशी ती झंपर घालून बघते, हात वर करते, खाली करते. "खाला, पयल्यांदा खांद्यावरनं उतरला न्हाई बगा," म्हणते. तुम्ही म्हणता, कापड चांगलं होतं. मला तेव्हा वाटलं होतं, तुम्ही श्रेय का सोडून देता. आता कळतं, तुम्ही तिच्या खांद्याचा विषय तिच्यासमोर काढलाच नाहीत.

टॉप उसवला. योकची डावी बाजू नव्यानं कापायची, खालची उंचीही कमी करायची, हे सगळं डोक्यात आलं. पण त्यासाठी माप हवं होतं, आणि ऑपरेशनपासून मी तिथं हात लावला नव्हता. अंघोळ करतानासुद्धा नुसतं पाणी ओतायचे. माझ्या लग्नात तुम्ही दिलेला मापाचा टेप काढला. दार लावलं, आरशासमोर उभी राहिले. टेप छातीशी नेला आणि अंग ताठ झालं, श्वास अडकला. असं घेतलेलं माप खोटं येतं, हे तुम्हीच शिकवलेलं. नवी सून मापाला आली की अशीच लाकडासारखी उभी राहायची, आणि तुम्ही टेप फिरवता फिरवता सहज तिच्या सैपाकाचं विचारायचात. बोलायला म्हणून तिचा श्वास सुटायचा, आणि तुमचं माप झालेलं असायचं.

खाला, मी मोठ्यानं म्हणाले, "आज काय केलतं गं सैपाकाला?" तुमचाच आवाज काढला. बंद खोलीत उत्तरही मीच दिलं, शेंगदाण्याची आमटी आणि भाकरी. श्वास सुटला. टेप व्रणावर टेकला. मी रडले, पण आकडा नीट वाचला.

टॉप आता खिडकीच्या गजाला टांगलाय. डावी बाजू घडी उघडून वेगळी कापली आहे. गळा जागेवर बसतो, घेर दोन्हीकडे सारखा पडतो. नीट पाहणाऱ्याला कळेल, काय नाही ते. तसं कळलं तरी चालेल, असं काल संध्याकाळी वाटलं होतं. आज सकाळी तेवढं वाटत नाही. हा कागद मी टेपाभोवती गुंडाळून मशीनच्या खणात ठेवते आहे, दुसरीकडे कुठं पाठवणार. उद्या सोमवार. एक सांगून टाकते, खाला, रागावू नका. ओढणी मी इस्त्री करून कचेरीच्या पिशवीत घातली आहे.