ड्रॅगन वजा जाता उरलेला दुसरा भाग

सोमवार, ३ तारीख, सकाळी
आमच्या लेखकाच्या विज्ञानकादंबरीचा दुसरा भाग आला! पहिल्या भागापायी मी कॉलेज सोडलं. (नापास झालो म्हणून सोडलं, असं लोक म्हणतात. लोकांना काय, तोंड आहे.) त्याच्या शेवटी यान गुरूच्या कक्षेत अडकलंय, इंधन अकरा मिनिटांचं. सुटका कशी होणार, ते मी गणित करून ठेवलंय.

ग्रंथालयाची नवी पुस्तकं पुठ्ठाबांधणीला मामाच्या दुकानात येतात. मी तिथे तात्पुरता आहे. दोन वर्षं.

संकल्प : १. रोज पन्नासच पानं. २. चिडायचं नाही. ३. रविवारी ग्रंथालयाच्या बैठकीत या पुस्तकावर बोलायचं आणि मग काउंटरवर बसते तिला मनातलं सांगून टाकायचं. पहिला भाग तिला मीच दिला होता. तेव्हापासून हसते.

दुपारी
पान १७. यानाच्या खिडकीत कव्हरवरचाच ड्रॅगन. (कव्हर म्हणजे प्रकाशकाची हौस, असं समजलो होतो.)
स्वप्न असणार. लेखक पोचलेला आहे.

संध्याकाळी
पान ६०. स्वप्न नाही. ड्रॅगन बोलतो. टाकी मंत्राने भरली. मंत्राने!! पुस्तक भिंतीवर आपटलं. मामा म्हणाला, ते ग्रंथालयाचं आहे, तुझ्या बापाचं नाही.

बुधवार, ५
पुस्तक संपवलं. शेवटी यानाला पंख फुटतात.
लेखकाला पत्र लिहिलं. अकरा पानं. ‘आपला चाहता’ खोडून ‘आपला माजी चाहता’ केलं. पत्ता माहीत नाही. तरी बरं वाटलं.
मग लक्षात आलं. हे पुस्तक तिच्या हातात पडणार! तिला वाटेल, याची आवडच अशी. नाही. तिला वाचवलं पाहिजे.

गुरुवार, ६
पुस्तक उसवून समोर पडलेलं. सोळा-सोळा पानांचे एकवीस फर्मे. ज्यात ड्रॅगन, तो फर्मा बाजूला. चौदा निघाले. उरलेले सात शिवले, चित्राचं कव्हर काढून पुठ्ठा चढवला, वर सोनेरी अक्षरं. मामाने विचारलं, एवढं धष्टपुष्ट पुस्तक असं रोडावलं कसं? म्हटलं, पुस्तकं दाबायच्या प्रेसमध्ये घट्ट आवळलं. पाठ थोपटली त्याने!
वाक्यं मध्येच तुटतात. पण विज्ञानकथेच्या वाचकाला तेवढी उडी मारता आलीच पाहिजे.

शुक्रवार, ७
तिने पुस्तक घरी नेलं. मनातल्याची रिहर्सल केली, आरशासमोर. आरसा भारावला.

रविवार, ९
वीस मिनिटं बोललो. लेखकाने विज्ञानाची कास सोडली नाही, एक चमत्कार दाखवा, वगैरे. टेबलावर मूठही आपटली.
पहिल्या रांगेतले रिटायर्ड इंजिनिअर काका म्हणाले, अहो, आणि ड्रॅगन? मी विचारलं, कुठला ड्रॅगन? त्यांनी स्वतःची प्रत वर धरली. कव्हरभर ड्रॅगन. हॉलमध्ये हशा.
मग ती हळूच म्हणाली, माझ्या प्रतीत पान सोळानंतर एकदम एकशे तेरा येतं. बांधणीला पाठवताना कव्हर पाहिलं होतं, मी तर ड्रॅगनसाठीच नेलं होतं. पहिला भाग अर्धाच वाचला, नुसतं यान, यान आणि यान.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छापखान्याला नावं ठेवली.
मनातलं पुढे ढकललं. तांत्रिक कारण.

सोमवार, १०
ती दुकानात आली! पुस्तक पुढे ठेवून म्हणाली, नीट बांधून द्या, मी थांबते. मामाने टेबलाखालून चौदा फर्मे काढले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की छापखान्याचा विषय संपला.
मी म्हटलं, शिवायच्या आधी वाचायचेत का? बसली. एकेक फर्मा देत गेलो. तिसऱ्याला हसली. नवव्याला डोळे पुसले. हीच वेळ, म्हणून तोंड उघडलं, तर वर न बघताच तिने बोट उंचावलं : थांबा, ड्रॅगन जखमी आहे.
चौदा वेळा तिने न बघता हात पुढे केला. पंधराव्यांदा केला, तेव्हा धीर करून मी त्यात माझा हात ठेवला.
म्हणाली, हा नको, पुढचा फर्मा.
म्हटलं, संपले.
मग निघते, म्हणाली.