क्यू आर एक्स

येलहंका, बेंगळूर
२२ सप्टेंबर १९९४

चि. अनुसूया हिला अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे आहोत तसे आहोत.

तुझं पत्र येऊन सतरा दिवस झाले. रोज काढतो, चष्मा लावतो, परत ठेवतो. सगुणाबाई म्हणाली, "सातवी पास माणसाला एका पत्राला एवढे दिवस? मग मी अडाणी तेच बरं." बायको म्हणून बोलते, मनात काही नसतं. तिचा गुडघा आता स्वल्प बरा आहे. नळाला एक दिवसाआड पाणी. मी गॅस बंद केला का हे बघायला अजून तीनतीनदा उठतो. तुझे बाबा म्हणायचे, "परसू, तू मेलास तरी तिरडीवरून उठून दाराची कडी बघशील."

बाबांचा रेडिओ मला पाठवतेस म्हणून लिहिलंस. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा सेट चालू होता, हेडफोन कानावर होते, म्हणजे मित्राचं बोलणं ऐकत गेले, एवढंच समाधान, असंही लिहिलंस. आणि त्यांच्या वहीतली शेवटची ओळ उतरवून पाठवलीस. सहा बेचाळीस, परसू, आणि पुढे तीन इंग्रजी अक्षरं, क्यू आर एक्स. त्याचा अर्थ काय, विचारलंस.

सांगतो. पण आधी थोडं मागचं सांगू दे.

तुझे बाबा, माझा उपेंद्र, तारखात्यात, मी पीण्याच्या कारखान्यात लेथवर. तारेचं कडकट्ट, ते मोर्स, त्यानेच मला शिकवलं, जेवणाच्या डब्यावर चमचा वाजवून. रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेचे इंग्रजी नियम मराठीत सांगून पाठ करून घेतले. त्यातला एक असा, की ज्या खालच्या पट्ट्यात आम्ही बोलायचो तो आम्हा हौशी लोकांचा एकट्यांचा नाही. कंपन्यांची वायरलेसही तिथेच चालतात. त्यांचा हक्क आधी. ते आले की आपण गप्प बसायचं.

रिटायर होऊन तो मुडिगेरेकडे गेला. तुझी आई गेल्यावरही तिथेच एकटा राहिला. अकरा वर्षं रोज सकाळी साडेसहाला आम्ही रेडिओवर भेटलो. त्याच जागी एका कॉफीच्या कंपनीचं वायरलेस यायचं. गेल्या वर्षी मी चुकून त्यांच्या बोलण्यात शिरलो, त्यांनी तक्रार केली. मला सरकारी पत्र आलं, पुन्हा झालं तर परवाना रद्द. उपेंद्र हसला, "सांभाळून ठेव, या वयात तुला दुसरं कोण पत्र लिहिणार?" मला हसू आलं नाही. परवाना गेला तर सकाळी बोलायचं कुणाशी?

आता त्या दिवसाचं. अठरा ऑगस्ट. पावसाने त्याच्याकडचे फोन आठवडाभर मेलेले. आवाज नीट पोचेना म्हणून तो कडकट्टवर बोलत होता. त्याचा हात म्हणजे घड्याळ. त्या दिवशी अडखळत होता. "छातीत कळ. डावा हात जड. कुणाला तरी" एवढं आलं आणि वरून कंपनी आली.

मी क्यू आर एक्स पाठवलं. त्याचा अर्थ, थांब, मी परत बोलावतो.

त्याने फक्त "सरी, थांबतो" म्हटलं.

कंपनीवाले पस्तीस मिनिटं बोलले. खताची पोती, मजुरांची हजेरी. मग त्यांचा मॅनेजर म्हणाला, "जीप रिकामी उभी आहे, डॉक्टरही इथेच चहा पितोय, कुणाला काही हवंय का?" अनुसूया, त्या कंपनीचा मळा तुमच्या घरापासून सहा मैलांवर. मला ठाऊक होतं, उपेंद्रनेच सांगितलं होतं. माईक माझ्या हातापाशी होता. बटण दाबून एक वाक्य बोलायचं होतं. मी अंगठा बटणावर ठेवला आणि उचलला.

नंतर रेडिओ क्लबातल्या लोकांनी सांगितलं, जिवावर बेतलं असेल तर तो नियम लागत नाही, पुस्तकात पुढच्याच पानावर आहे. ते पान मला पाठ नव्हतं. पण खोटं कशाला बोलू? पाठ असतं तरी माझ्याने झालं असतं का, कुणास ठाऊक.

सात अठराला ते बंद झाले. मी नऊपर्यंत बोलावत होतो. मग पोस्टात जाऊन तार केली. तार पोचायच्या आधी शेजाऱ्यांनी दार तोडलं होतं.

तेराव्याला तू विचारलंस, "शेवटपर्यंत तुमच्याशीच बोलत होते ना?" मी मान हलवली. तू माझ्या ताटात आणखी एक वडा वाढलास. मी तो खाल्ला.

तो माझं बोलणं ऐकत गेला नाही. खताच्या पोत्यांचा हिशोब ऐकत, माझी वाट बघत गेला. हे तुला न सांगता मेलो असतो तर बरं, असं रोज वाटतं. पण तू अर्थ विचारलास, आणि दुसरा अर्थ मला रचता आला नाही.

रेडिओ पाठवू नकोस. ज्याला वेळेवर बोलता येतं अशा कुणाला दे. माझा परवाना मी सोमवारी परत पाठवला. तो कुणी मागितला नव्हता.

तुझं उत्तर आलं तर ते फोडायचं धाडस मला होईल, असं वाटत नाही. दरवेळी शेवटी "तुझा परसूअण्णा" लिहितो. आज ते लिहिण्याचा मला हक्क नाही.

परशुराम