आकुनायची खुर्ची

९ नोव्हेंबर, रविवार

ही वही एस्कोलास्तिकाची. खाणीच्या शाळेतली मुलं पहिल्या पानावर नाव घालतात, म्हणून मीही घातलं.

पोचले. बस संपते तिथून साडेचार तासांचा चढ, आणि पाठीवरच्या टोपलीत माझा नवरा. आयबानला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हा खाणीच्या वसाहतीतच पुरला होता. गेल्या महिन्यात अस्थी काढल्या, धुतल्या, उन्हात वाळवून घोंगडीत बांधल्या. खाणीतला खोकला लागल्यापासून तो चढावर दर दहा पावलांनी बसायचा. आज मी त्याला एकदाही बसू दिलं नाही. वाटेत एकटीच हसले.

वेशीवर निम्मं पालयाव गाव जमलं होतं. नणंद सगळ्यांच्या पुढे. लावागन वन्संना मी पहिल्यांदाच पाहिलं. आयबानचंच नाक, आयबानचीच मान. त्यांनी मला पोटाशी धरलं आणि ओरडल्या, "आली गं बाई आमची आकुनाय! बघा किती वाळलीय!"

मी चपापलेच. आकुनाय मला फक्त आयबान म्हणायचा. माझं नाव मिशनच्या पाद्र्यांनी ठेवलेलं, लांबलचक. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात आयबान म्हणाला होता की एवढं नाव घेईपर्यंत खाणीचा भोंगा होईल. तेव्हापासून एकतीस वर्षं मी आकुनाय. तो गेला तेव्हा वाटलं, नावही गेलं. आज वीस तोंडांनी ती हाक मारली आणि प्रत्येकाला मी ओ दिली. त्यानं कधीतरी इथे माझ्याविषयी सांगितलं असणार. डोळे भरून आले.

पाकोय म्हणून एक बोळके आजोबा आहेत. टोपलीत डोकावून म्हणाले, जिवंतपणी बोलावून बोलावून थकलो आणि आता आला तोही बायकोच्या पाठीवर बसून, आळशी तो आळशीच! सगळे हसले. मीही.

घर पाइनच्या फळ्यांचं, धुरानं काळं झालेलं, उबदार. दाराशी उंच पाठीची एक खुर्ची आहे. ती कशासाठी असते ते मला सांगायला नको. माझ्या गावीही माणूस गेलं की अशाच खुर्चीत बांधून दाराशी बसवतात, नातेवाईक शेजारी जागतात, आणि माती झाली की खुर्ची मोडून टाकतात. ही मोडलेली नाही. मी विचारलं तर वन्सं म्हणाल्या, लाकूड चांगलं आहे गं, जीव होईना.

वन्संनी शब्द दिलाय की डोंगरातल्या गुहेत आयबानला ठेवतील आणि पुढे त्याच्याशेजारची जागा माझी. मूल नाही, माहेर उरलं नाही. ती एवढी जागा मिळाली की मला जगाकडून आणखी काही नको.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहाटेपासून पाऊस. वारा दरीतून वर येतो आणि पत्रे उचलून बघतो. वन्सं म्हणाल्या, दर वर्षी याच आठवड्यात वादळ येतं, घड्याळ लावल्यासारखं.

सकाळी म्हाताऱ्यांनी वाटेवर गवताच्या गाठी बांधल्या. गाव बंद. गाठ सुटेपर्यंत बाहेरचा आत येत नाही, आतला बाहेर जात नाही, शेताला हात लागत नाही. आमच्याकडेही हे आहे. लहानपणी मला हे दिवस फार आवडायचे. रताळी भाजायची आणि बायकांच्या गप्पा ऐकायच्या.

वन्सं कमरेला माग बांधून पांढरी घोंगडी विणतायत. मला उभं करून खांद्यांचं, उंचीचं माप घेतलं. तुझ्यासाठीच गं, म्हणाल्या, थंडीत काकडशील. माझ्यासाठी कुणी विणायला बसल्याला कितीतरी वर्षं झाली.

त्यांना म्हटलं, आयबानच्या हातचं काही असेल तर द्या, मला त्यानं कधी पत्र लिहिलं नाही. त्यावर म्हणाल्या, तुला कुठे वाचता येतं! एक पत्र आहे पेटाऱ्यात, शोधते, वाचून दाखवीन.

मला वाचता येतं हे मी सांगितलं नाही. आयबानलाही कधी सांगितलं नव्हतं. खारवलेले मासे ज्या कागदात बांधून यायचे ते धुऊन, वाळवून मी अक्षर अक्षर शिकले. तो हसला असता. इथे आल्या आल्या शहाणपण मिरवायला नको. वन्सं मागावर असतात तेव्हा चुलीमागे बसून लिहिते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खुर्ची सकाळी ओली होती. छप्पर तिथे गळत नाही, मी हात लावून पाहिलं. पाणी फक्त बैठकीवर आणि पाठीवर, कुणी भिजून येऊन टेकल्यासारखं. पुसली.

आणखी एक गंमत. वन्संनी मीठ मागितलं आणि मी न विचारता माळ्यावरच्या फुटक्या मडक्यातून काढून दिलं. दिल्यावर लक्षात आलं की ते तिथे असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वन्सं नुसत्या बघत राहिल्या. मग हसल्या.

दुपारी खालच्या घरची किचाय कॉफी घेऊन आली. माझ्याच वयाची, फटकळ. हिची भाताची खाचरं कड्याच्या टोकाला, कडा आणखी ढासळला तर हिचीही जायची. वन्सं लाकडं आणायला गेल्यावर तिनं मला विचारलं की तुझं पाळण्यातलं नाव काय. सांगितलं. एस्को, एस्कोला... अगं बाई, म्हणाली, जिभेला गाठ बसली! दोघी पोट धरून हसलो. मग एकदम म्हणाली, रोज सकाळी उठल्यावर ते नाव मोठ्यानं म्हणत जा. का, म्हटलं. तिनं खुर्चीकडे पाहिलं आणि कप तसाच ठेवून निघून गेली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे डोंगर गुरगुरला. पाकोय आजोबांची दोन खाचरं भिंतीसकट दरीत गेली. सगळे पावसात उभे राहून बघत होते, कुणी रडलं नाही. आजोबा माझ्याकडे वळून अगदी मऊपणे म्हणाले, "आता पुरे कर गं आकुनाय, येतोय ना तुझा माणूस."

मला बोलणं कळलं नाही. पण माझ्या तोंडून निघालं, तुमच्या रेड्याची शिंगं अजून वाकडीच का? आजोबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांचा वाकड्या शिंगांचा रेडा मरून तीस वर्षं झाली म्हणे. मला कुठून ठाऊक?

खुर्ची पुन्हा ओली. आज खाली चिखलही होता. पायांच्या खुणा दारातून आत येतात आणि खुर्चीशी थांबतात. माझे पाय बघितले. बोटांच्या बेचक्यांत चिखल.

संध्याकाळी वन्संनी पत्र काढलं. चुलीच्या उजेडात वाचून दाखवलं. ताई, मी इथे लग्न केलंय, बायको गुणाची आहे, तिला पोरकी समजू नकोस, लेकीसारखी सांभाळ. माझ्यानं राहवलं नाही, रडले. त्यांनी माझे डोळे पुसले आणि कागद माझ्या हातात दिला. घे, म्हणाल्या, अक्षरं कळली नाहीत तरी छातीशी ठेव, त्याच्या हातची आहेत.

ठेवलंय. उद्या उजेडात स्वतः वाचीन.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वाचलं. जसंच्या तसं उतरवते, म्हणजे पुढे मलाच वाटायला नको की मी चुकीचं वाचलं.

"ताई, आकुनायच्या जागी बाई मिळाली. मागेपुढे कुणी नाही. वाचता येत नाही. मी तिला आत्तापासूनच आकुनाय म्हणतो, म्हणजे ओ द्यायची सवय लागेल. मी मेलो की ती मला घेऊन घरी येईल. मग वादळाच्या आठवड्यात सात दिवस सगळ्यांनी हाक मारायची आणि तिनं ओ द्यायची. सातव्या दिवशी मी हाक मारीन. ओ दिली की तिला खुर्चीत बसव. मला आकुनायशेजारी ठेव."

खाली तारीख. आमच्या लग्नानंतरचा नववा दिवस.

पत्र घेऊन किचायकडे गेले. तिला वाटलं मला वाचता येत नाही, म्हणून आधी खोटं बोलली. मी दोन ओळी वाचून दाखवल्या तशी खाली बसली. मग सांगितलं. आकुनाय आयबानची पहिली बायको. तो खाणीवर गेला, वादळाआधी येतो म्हणाला आणि आला नाही. ती वेशीपुढच्या वळणावर त्याची वाट बघत उभी राहिली. कडा तिच्यासकट खाली गेला. देह सापडला नाही. खुर्ची बाहेर काढली होती, पण बसवायला कुणी नव्हतं. नवरा जागायला नव्हता. तिचं जाणं पुरं झालंच नाही. म्हणून दर वर्षी या आठवड्यात ती येते आणि जाताना शेतं नेते. तिला एक देह हवा. तिच्या घरात, तिच्या नावाला ओ देणारा.

मी किती खुर्च्यांशेजारी जागले, माझे आईबाप बसवले. रिकामी खुर्ची कुणासाठी राखून ठेवल्याचं मी कुठल्या गावात ऐकलं नाही.

मारायला आणलं याचं एवढं काही नाही. मरायलाच तर आले होते इथे, त्याच्याशेजारी. पण अंथरुणात, ताटावर, माझ्या तापात, त्याच्या शेवटच्या खोकल्यात — एकतीस वर्षं तो तिला हाक मारत होता. मला त्यानं एकदाही हाक मारली नाही.

वही आणि पत्र पोटाशी बांधून दुपारी निघाले. कुणी अडवलं नाही. वेशीवर गवताची गाठ होती, गुडघ्याएवढी. पलीकडे वाट धडधाकट. एक पाय उचलला असता तर झालं असतं.

उचलला नाही. माझी आई, तिची आई, कुणी गाठ ओलांडली नाही. पाऊस अंगावर घेत उभी राहिले आणि परत फिरले. माझ्याशी कुणी सत्यानं वागलं नाही, आणि मी त्यांची गाठ पाळली.

वाटेत किचायनं अंगणातूनच शब्द दिला की उद्या मी स्वतः गाठ सोडते, तू जा. तिचाच एक आधार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गाठ आहे. पलीकडे वाट नाही. रात्रीत सगळं वळण गेलं. काल मी जिथून परत फिरले त्याच्यापुढे दहा पावलांवर दरी.

किचायची सगळ्यात खालची खाचरंही गेली.

ती बांधावर उभी होती. मी धावत गेले, माझं नाव घे म्हटलं, मोठ्यानं घे, मला सकाळपासून आठवायला वेळ लागतोय. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. वरच्या दोन खाचरांकडे बघत म्हणाली, घरी जा आकुनाय, भिजशील.

आणि मी ओ दिली. तिलाही.

घोंगडीला काठ लागला. काठ शेवटी विणतात. काळ्या पट्ट्या आणि मधे सरडा. जिवंत माणसाच्या घोंगडीला तो नसतो. वन्संना विचारलं, माझ्यासाठी ना ही? त्या माग गुंडाळत राहिल्या. म्हणाल्या, भावानं शब्द दिला होता गं. मी नुसती पाळतेय. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी. त्याचाच जास्त राग आला.

आयबानची घोंगडी सोडून पाहिली. मी बांधताना त्याचं तोंड माझ्या बाजूला होतं. आता खुर्चीकडे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उजाडलं असेल. अंधारच आहे. पत्रे उडाले.

पहिल्या पानावरचं नाव बघून बघून लिहिते. एस्कोलास्तिका. एस्कोलास्तिका. एस्कोलास

मी वाट बघतेय. वळणावर फार वारा आहे. तो म्हणाला होता वादळाआधी — नाही. हे माझं नाही. मी कधी कुणाची वळणावर वाट बघितली नाही. मी खाणीच्या वसाहतीत —

गावातले बाहेर ओसरीवर बसलेत, जागायला बसतात तसे. पाकोय आजोबा काही गातायत. वन्संनी खुर्ची पुसली. फडक्याच्या पट्ट्या मांडल्या. चार. हात, पाय, कंबर, कपाळ.

खुर्चीवर कुणीतरी आहे. भिजलेली. तरुण आहे गं. किती तरुण. हिला तरी त्यानं काय दिलं — माझ्याकडे बघतेय, रागानं नाही. सरकून जागा देतेय.

तिला सांगितलं, तुझाही विश्वास मोडला, माझाही. ओ मी देणार नाही. तूही देऊ नकोस. त्याला एकदा तरी हाका मारत बसू दे.

खोकला.

दाराबाहेर. दहा पावलं, थांबला. खोकला. पुन्हा दहा.

पाठीवर घेतलं होतं रे मी तुला. एकदा माझ्या नावानं हाक मार. एकदाच. लांब आहे, मला माहीत आहे. मी थांबते. भोंगा होईपर्यंत थांबते.

थांबला. श्वास घेतोय. आता मारेल.

ओठ दाबून धरलेत. एकतीस वर्षांची सवय, तोंड आपोआप — पेन्सिल दातांत धरली तर लिहिता येत नाही — नाव लिहीत राहायचं, नाव, पहिल्या पानावर बघून, एस्को

मारली. तीच. तिचीच.

मी नाही. मी ती नाही, मी एस्