घरातली अकरा मते

मी, सगुण बाबाजी मेस्त्री, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा सुतारकाम, राहणार तुये, तालुका पेडणे, गोवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळची पेज पोटभर जेवून लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने मी आहे तोवर येऊन वाद घालावा.

गोव्याच्या कायद्याप्रमाणे माझ्या मिळकतीतली अर्धी वारसांची असतेच. उरलेल्या अर्ध्यावरच माझी मर्जी चालते. विनोदिनी वकीलबाईंनी हे मला तीनदा समजावले. वाचणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

१. राहते घर गोपाळ आणि रामचंद्र या माझ्या दोन मुलांना सारखे. मधे भिंत घालायचीच असेल तर माझ्यामागे घालावी, आणि ओळंबा लावून सरळ घालावी.

२. बँकेतली ठेव दोन्ही सुनांना. माझी पत्नी वत्सला तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या आजारपणात या दोघींनी जे केले ते पोटच्या मुलांना जमले नाही.

३. रंधे, पटाश्या, करवती आणि हत्यारांची पेटी रामचंद्राला. भोके पाडायचे गिरमिट त्यात नाही. ते शेजारी सदाशिव याने एका चतुर्थीला गणपतीवरची माटोळी बांधायला नेले, ते अजून बांधतोच आहे.

४. विहिरीकडचा मांगर, म्हणजे जिथे मी जन्मभर लाकूड तासले ती खोली, गोपाळची मुलगी तारा हिला. ती इथल्याच औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे आणि तिला मांगर कशाला, असे सगळे विचारतील. बसायला. स्वतःची अशी जागा मी तिला आजवर दिलेली नाही.

५. पेटीचा वरचा खण. इथे जरा लांबेन.

त्या खणात घरातल्या सर्वांची मतदार कार्डे मी कुलपात ठेवत आलो. निवडणुकीच्या सकाळी एकेकाला बोलवायचो, कार्ड हातात द्यायचो आणि कुठे मारायचे ते सांगायचो. उमेदवार पडवीत येऊन विचारायचा, "सगुणबाब, तुमची अकरा धरू ना?" मी म्हणायचो, "धरा." आकडा आधी लहान होता, घराबरोबर वाढत अकरावर गेला. दारापर्यंत डांबर आले ते असे. गोपाळला शिपायाची नोकरी लागली तीही अशीच. गोपाळ, तुला हे आज कळते आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. नोकरी मताने लागली, पण सत्तावीस वर्षे काम तू प्रामाणिकपणे केलेस.

अकरावे मत ताराचे. पाच वर्षांपूर्वी तिची पहिली वेळ. मी सांगितलेले बटण दाबून बाहेर आली आणि म्हणाली, "तुमचां मत घालून इलंय, आजोबा. माजां खंय आसा?" तिचे स्वतःचे मत कुठे, हा प्रश्न मी हसण्यावारी नेला. त्यानंतर ती मतदानाला गेली नाही. तिच्या पाठोपाठ बाकीची चार नातवंडेही थांबली. गेल्या खेपेला रांगेत तरुण माणसे कमी आणि म्हाताऱ्यांच्या काठ्या जास्त दिसल्या, तेव्हा आजकालची पोरे आळशी म्हणून सर्वांत मोठा आवाज माझाच होता.

खरे म्हणजे माझ्याकडे अकरा कधी नव्हतीच. जाण्याआधी वत्सला म्हणाली, "तुमी सांगितलात थंय मी एकदाय मारूक नाय." शाळेत मतदानासाठी लाकडी आडोसा लागतो, तो मीच करून दिला होता. आत काय चालले ते बाहेर दिसू नये म्हणून फळ्यांत फट ठेवली नव्हती. माझीच बायको त्याच्या आड चाळीस वर्षे सुखरूप राहिली. मला आधी राग आला, मग तिचा अभिमान वाटला.

कायद्याने माझ्या स्वतःच्या मिळकतीत माझी मर्जी अर्ध्यावर चालते. या मतांवर मी ती पूर्ण चालवली, आणि ती तर माझी नव्हतीच. जे माझे नव्हते ते मृत्युपत्रात लिहून देता येत नाही, म्हणून कार्डे आजच ज्याची त्याला परत केली आहेत.

वकीलबाई म्हणाल्या, "मतदान करील त्यालाच वाटा, असं घाला." मी नको म्हटले. तसे केले तर मेल्यावरही बटण मीच दाबत बसेन.

६. मतदान येत्या सोमवारी आहे. त्याआधी किंवा त्याच दिवशी मी गेलो, तर ज्याला मतदानाला जायचे असेल त्याने जाऊन यावे, तोवर मला पडवीत ठेवावे. मला घाई नसेल. कोण गेले, कोणाला दिले, हे कोणी कोणाला विचारायचे नाही. त्रेसष्ट साली गोव्यात पहिल्यांदा निवडणूक झाली तेव्हा मी बाबांबरोबर चालत गेलो होतो. परतताना उत्साहाने सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "माका सांगू नको. सांगलंस तर तां तुजां रवाचां नाय." माझे मत माझ्याकडेच राहू देण्याचे एवढे मोठे दान मला फुकट मिळाले होते, आणि मी ते घरात कोणाला दिले नाही. याची मला लाज वाटते.

वरील सर्व वाचून, समजून, चष्मा पुसून सही करत आहे.

सगुण बाबाजी मेस्त्री
स्थळ: पेडणे. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२२

साक्षीदार:
१. सदाशिव परब, तुये (सहीला येताना गिरमिट घेऊन आला. कलम तीन तेवढे दुरुस्त समजावे.)
२. गोकुळदास नाईक, केरी

तारा हिला वाटा असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. कार्ड तिने आज स्वतःच्या हाताने घेतले. उलटून फोटो बघितला आणि सोमवारचे "बघतंय" एवढेच म्हणाली. मी पुढे विचारले नाही.