आधी ढकला, मग माफी मागा

२ तारीख.
आजपासून रोज लिहिणार. सोमवारी बारा तारखेला कारखान्यात माझं व्याख्यान आहे: 'संकटात माणसं कशी वागतात'. बॉयलर विभागाचा सुरक्षा अधिकारी म्हणून अकरा वर्षं दर शनिवारी ड्रिल घेतोय, मला कोणी शिकवायला नको. त्यात विमानप्रवास आयताच आलाय. मेव्हणीचं नवं घर बघायला चाललोय: मी, सौ., सासरे आणि आमची आठ वर्षांची चिमणी. शे-दीडशे घाबरट एका जागी बघायला मिळतील. प्रकार पाडून ठेवलेत. किंचाळणारे, गोठणारे, देव आठवणारे, हात उचलणारे. मी कशातच बसत नाही.

४ तारीख.
चिमणी घाबरलीय. पहिलंच विमान. तिला शब्द दिला की विमान कितीही हललं तरी बाबा हात सोडणार नाही. तिने तीनदा वदवून घेतलं. सासरे म्हणाले, भीती वाटली तर पुढची सीट घट्ट धरायची, बस्स. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, त्यांना सुरक्षेतलं काय कळणार! मी तिला कारखान्यातला नियम पाठ करायला लावला. मीच लिहून भिंतीवर लावलाय: जमीन हादरली की शिट्टी, चाळीस सेकंदांत बाहेर, वाटेत आडवा येईल त्याला आधी ढकला, मग माफी मागा. सौ.ने विचारलं की विमानात बाहेर म्हणजे कुठे. हिला फाटे फोडायची सवयच आहे. शिट्टी खिशात टाकली.

६ तारीख. सकाळी १०.५०.
बसलो. चिमणी खिडकीशी, मी मध्ये, कडेला मानेला उशी लावलेले एक गृहस्थ. सौ. आणि सासरे दोन ओळी मागे. उशीवाल्यांची लक्षणं ठीक दिसत नाहीत. प्रकार चौथा. लक्ष ठेवणार.

११.३५.
किरकोळ हेलकावे. चिमणीने हात धरलाय. माझ्या तळव्याला घाम. एसी बंद असावा.

११.४१.
जोरात. मी शांत. अक्षर विमानामुळे हलतंय.

१२.३०.
डाव्या हाताने लिहितोय. उजवा हात खुर्चीला प्लास्टिकच्या पट्टीने बांधलाय. आठवतंय तोवर नोंद.
विमान एकदम खाली गेलं. मी शिस्तीत शिट्टी वाजवली. 'बाहेर' असा आदेश दिला. उशीवाले आडवे आले, म्हणजे बसलेलेच होते. माझं कोपर त्यांच्या नाकावर गेलं. कट्कन आवाज झाला, उशी लाल झाली. नाक मुळात नाजूक असणार. मधल्या वाटेत एक बाई पडल्या, त्यांच्या बोटांवर माझा बूट पडला. दाराशी विमानातल्या आडदांड कर्मचाऱ्याने मला मिठी मारली. त्याचं मनगट माझ्या दातांत आलं. त्याने मला खाली आपटलं, कोणीतरी पाठीत गुडघा रोवला, कोणीतरी केस धरून डोकं दोनदा आपटलं. दुसऱ्यांदाची गरज नव्हती. मग कानाखाली सणसणीत बसली. ती सासऱ्यांची.
हात उचलणारे विमानात फार असतात, हे सिद्ध झालं. किमान सहा मोजले.
माफी मागायची राहिली. तोंड जमिनीत दाबलेलं होतं.

१.१५.
चिमणी आता आजोबांजवळ. विमान अजून हलतंय. सौ. सांगून गेली की पोरीने पुढची सीट घट्ट धरलीय, रडत नाहीये. शेवटी माझंच प्रशिक्षण.

७ तारीख.
काल पोलिसांनी चार तास जबाब घेतला. बोलावतील तेव्हा हजर राहायचं. उशीवाल्यांच्या नाकाचं हाड मोडलंय. मेव्हणीने घर दाखवलं, मला एकाच डोळ्याने दिसलं, दुसरा सुजलाय. घर बरं वाटलं.
कोणीतरी व्हिडिओ काढलाय. त्यात माझ्यासारखा शर्ट घातलेला माणूस 'आई, आई' करतोय. आदेश ऐकू येत नाही. फोन हलका असणार. एका जागी चिमणी त्याचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवतेय आणि तो तिला झटकून टाकतोय. तिचं डोकं खिडकीवर आपटतं.
पुन्हा बघितला नाही.

९ तारीख.
मॅनेजरचा फोन. व्याख्यान सोमवारीच आहे. देणार दुसरा कोणीतरी, व्हिडिओ दाखवून. भिंतीवरचा नियम उतरवलाय म्हणे.

१० तारीख. बसस्टँड.
विमान कंपनीने मला घ्यायला नकार दिला. ते तिघं विमानाने, मी बसने. एकोणीस तास. पाठीला बसच बरी.
तिघं सोडायला आले होते. चिमणीच्या कपाळावरचं टेंगूळ आता पिवळं पडलंय. तिला म्हटलं, परतताना घाबरू नकोस. ती म्हणाली, नाही घाबरणार, आजोबा आहेत. मग मला खाली वाकायला लावून कानात म्हणाली की बाबा, बस हलली आणि भीती वाटली तर पुढची सीट धर, माणसांना धरू नकोस.
बरं म्हटलं.
तिने हात पुढे केला. मला वाटलं, धरायला. मी धरला. तिने सोडवून घेतला आणि शिट्टी मागितली.
दिली.